मुदतपूर्व निवडणूक आणि वाटाघाटींचे बळ : ब्रेक्झिटच्या इतिहासातील दोन प्रसंग

परराष्ट्रांशी महत्त्वाच्या वाटाघाटी सुरू होण्याच्या सुमारास, किंवा त्या चालू असतानाच, एखाद्या लोकनियुक्त शासनाने विधिमंडळ मुदतीपूर्वी विसर्जित करावे व मतदारांचा नवा कौल मागावा, असे प्रसंग इतिहासात विरळ असले तरी अपूर्व नाहीत. अशा वेळी मतदारांना केले जाणारे आवाहनही बहुधा एकच असते : ‘आमचे हात बळकट करा, म्हणजे आम्ही देशाच्या हिताचा करार करून आणू.’ हे आवाहन इतके स्वाभाविक वाटते की त्यातील गृहीतकृत्याची सहसा चिकित्सा होत नाही. देशांतर्गत बहुमत वाढले म्हणजे परकीयांसमोर बोलणाऱ्याचे वजन वाढते, हे ते गृहीतकृत्य होय. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या युरोपीय संघत्यागाच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, इतिहासासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण ह्या एकाच प्रकरणात, अडीच वर्षांच्या अवधीत, दोन मुदतपूर्व निवडणुका झाल्या. पहिली ८ जून २०१७ रोजी व दुसरी १२ डिसेंबर २०१९ रोजी. पहिलीने शासनाचे बहुमत गेले. दुसरीने ८० चे बहुमत मिळाले. ह्या दोन प्रसंगांची तुलना करून निवडणूक वाटाघाटींत नेमके काय बदलू शकते व काय बदलू शकत नाही, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. आंतरराष्ट्रीय वाटाघाट ही एकाच वेळी दोन पटांवर चालते. एका पटावर समोर परकीय प्रतिनिधी असतात. दुसऱ्यावर स्वतःचा पक्ष, विधिमंडळ व मतदार. १९८८ साली रॉबर्ट पुटनम ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने ह्या दुहेरीपणाची पद्धतशीर मांडणी केली. त्यापूर्वी १९६० साली थॉमस शेलिंग ह्यांनी आपल्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ह्या ग्रंथात एक विरोधाभास दाखवून दिला होता : वाटाघाट करणाऱ्याचे हात घरच्या विधिमंडळाने बांधलेले असतील, तर ते बंधन कधीकधी त्याच्या पथ्यावरच पडते. ‘मला हे मान्य आहे हो, पण माझे सभागृह मानणार नाही’, असे त्याला खरेपणाने सांगता येते आणि समोरच्याला काही पावले मागे घ्यावी लागतात. ह्या विचाराप्रमाणे बहुमत मोठे असणे हे बळ नसून उलट उणीवच ठरण्याचा संभव असतो.

परंतु हा युक्तिवाद एका अटीवर अवलंबून आहे. वाटाघाट फिसकटल्यास समोरच्या पक्षाचे नुकसान आपल्यापेक्षा अधिक, निदान आपल्याइतके, व्हावयास हवे. तसे नसेल तर बांधलेल्या हातांचा धाक वाटत नाही. फक्त त्या हातांनी करार पूर्ण होईल किंवा नाही, अशी शंका तेवढी उत्पन्न होते. ही अट ब्रिटनच्या बाबतीत कितपत पुरी होत होती, हे पुढे दिसेलच.

ब्रिटिश इतिहासातील पूर्वीचे दाखलेही उद्बोधक आहेत. १९२३ च्या अखेरीस पंतप्रधान स्टॅनली बाल्डविन ह्यांनी संरक्षक जकातीच्या धोरणाला मतदारांची संमती मिळवावी म्हणून पार्लमेंट विसर्जित केले. सुस्थित बहुमत असताना केलेल्या ह्या प्रयोगात हुजूर पक्षाचे बहुमत गेले आणि जानेवारी १९२४ मध्ये ब्रिटनचे पहिले मजूर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. १९७४ च्या फेब्रुवारीत एडवर्ड हीथ ह्यांनी खाणकामगारांच्या संपाच्या संदर्भात देशावर राज्य कोणाचे, असा प्रश्न मतदारांना विचारला. मजूर पक्षास ३०१ व हुजूर पक्षास २९७ जागा देऊन मतदारांनी त्याचे संदिग्ध उत्तर दिले.

हा दुसरा दाखला आपल्या विषयाच्या अधिकच निकट आहे. त्या निवडणुकीनंतर आलेल्या हॅरोल्ड विल्सन ह्यांच्या मंत्रिमंडळाने युरोपीय आर्थिक समूहातील सदस्यत्वाच्या अटींची फेरवाटाघाट सुरू केली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला पुन्हा निवडणूक होऊन विल्सन ह्यांना अवघे ३ चे बहुमत मिळाले. मार्च १९७५ मध्ये डब्लिनच्या परिषदेत फेरवाटाघाट पूर्ण झाली. एप्रिलमध्ये कॉमन्स सभागृहात मतदान झाले तेव्हा विरोधात मत देणारे मजूर सभासद बाजूने मत देणाऱ्यांहून अधिक होते. ठराव संमत झाला तो विरोधी हुजूर पक्षाच्या मतांवर. अखेर ५ जून १९७५ च्या सार्वमतात ६७.२ टक्के मतदारांनी सदस्यत्वास मान्यता दिली. एका वर्षात दोन निवडणुका होऊनही विल्सन ह्यांच्या पक्षातील दुफळी मिटली नव्हती. ती ओलांडण्यासाठी त्यांना पक्षाबाहेरची मते आणि सार्वमत ह्यांचा आश्रय करावा लागला. श्रीमती थेरेसा मे ह्यांच्यापुढे हा इतिहास होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. मात्र संघ सोडून कोठे जावयाचे, ह्याविषयी मतपत्रिकेवर अवाक्षरही नव्हते. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतदारांनी संघात राहण्याचा पक्ष घेतला होता. जुलैमध्ये पंतप्रधानपदी आलेल्या श्रीमती मे ह्यांनी १७ जानेवारी २०१७ रोजी लँकेस्टर हाऊस येथील भाषणात ब्रिटन एकल बाजारपेठ व सीमाशुल्क संघ ही दोन्ही सोडील, असे जाहीर केले. त्याच भाषणात वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा, असेही त्यांनी बजावले. २९ मार्च रोजी युरोपीय संघाच्या तहातील कलम ५० अन्वये त्यांनी संघत्यागाची रीतसर सूचना दिली. ह्या कलमाने दोन वर्षांची मुदत घातलेली आहे. मुदतीत करार न झाल्यास, आणि सर्व सदस्य राष्ट्रांनी एकमताने मुदतवाढ न दिल्यास, सूचना देणारे राष्ट्र कराराविनाच बाहेर पडते. म्हणजे कालगती ब्रिटनच्या विरुद्ध होती, आणि ती सुरू करण्याची कळ ब्रिटनने स्वतःच दाबली होती.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १८ एप्रिल रोजी, श्रीमती मे ह्यांनी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. २०११ च्या निश्चित मुदतीच्या पार्लमेंटविषयक कायद्यानुसार त्यासाठी सभागृहातील एकूण जागांच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४, मतांची आवश्यकता होती. दुसऱ्या दिवशी ५२२ विरुद्ध १३ मतांनी तो ठराव संमत झाला.

ह्या निर्णयामागील कारणांचे दोन वर्ग करता येतात. पहिले कारण जाहीररीत्या सांगितले गेले. वेस्टमिन्स्टरमधील मतभेदांमुळे शासनाची बाजू दुबळी होत आहे, १७ च्या आसपास असलेले कार्यकारी बहुमत अपुरे आहे, तेव्हा मतदारांनी ते वाढवावे, असा तो युक्तिवाद होता. मतचाचण्यांत हुजूर पक्षाची आघाडी सुमारे वीस टक्क्यांपर्यंत गेलेली असल्याने मोहही मोठा होता, हे येथे सांगितले पाहिजे. दुसरे कारण वेळापत्रकाचे होते. नियमाप्रमाणे पुढील निवडणूक मे २०२० मध्ये यावयाची होती. संघत्याग मार्च २०१९ मध्ये झाला असता, तर त्यानंतरचा नाजूक काळ आणि निवडणुकीचा प्रचार ह्यांची गाठ पडली असती. निवडणूक जवळ आलेल्या शासनाला घाई असते आणि घाई असलेल्याकडून अधिक उकळता येते, हे समोरच्या पक्षाला कळत नाही असे थोडेच आहे ! २०१७ मध्ये निवडणूक उरकल्यास पुढची थेट २०२२ मध्ये येणार होती.

आमच्या मते पहिल्या कारणापेक्षा दुसरे कारण अधिक सयुक्तिक होते. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला फ्लॉरेन्स येथील भाषणात श्रीमती मे ह्यांनी संघत्यागानंतर सुमारे दोन वर्षांचा संक्रमणकाल मागितला. तो २०२० च्या अखेरपर्यंत जाणार हेही लवकरच ठरले. जुने वेळापत्रक कायम असते तर निवडणूक नेमकी ह्या संक्रमणकालाच्या मध्यावर आली असती. हेतू चुकीचा होता असे म्हणता येत नाही. फलित मात्र विपरीत झाले.

३

८ जूनच्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या मतांचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक वाढले, परंतु मजूर पक्षाची वाढ जवळजवळ दुप्पट होती. हुजूर पक्षास ३१७ व मजूर पक्षास २६२ जागा मिळाल्या. २०१५ मध्ये हुजूर पक्षाच्या जागा ३३० होत्या. प्रचारकाळात युरोपीय प्रश्न मागे पडून वृद्धांच्या शुश्रूषेचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्यावरच वाद माजला होता. निवडणुकीचा विषय शासनाने ठरविला तरी मतदार त्याच विषयावर मत देतात असे नाही, हा १९७४ चा धडा पुन्हा एकदा गिरविला गेला.

२६ जून रोजी उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाशी करार झाला. ह्या पक्षाचे दहा सभासद विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प व संघत्यागविषयक विधेयके ह्यांवर शासनाला पाठिंबा देणार होते. त्याच वेळी उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंडांचा अधिक निधी जाहीर झाला.

निवडणुकीचा वाटाघाटींवर तात्काळ परिणाम काय झाला ? वेळ वाया गेला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो पूर्णतः खरा नाही. युरोपीय परिषदेने आपली मार्गदर्शक तत्त्वे २९ एप्रिलला ठरविली आणि वाटाघाटींचा अधिकृत आदेश २२ मे रोजी दिला. निवडणूक नसती तरी वाटाघाटी जूनच्या फार आधी सुरू झाल्या नसत्या. त्या १९ जूनला सुरू झाल्या. त्याच दिवशी ब्रिटनचे मंत्री डेव्हिड डेव्हिस ह्यांनी संघाने सुचविलेला क्रम मान्य केला : आधी नागरिकांचे हक्क, आर्थिक देणी व आयर्लंडची सीमा, ह्यांत पुरेशी प्रगती झाल्यावर मगच भावी व्यापारसंबंध. ह्याच क्रमावरून उन्हाळाभर झगडा होईल, असे भाकीत डेव्हिस ह्यांनी निवडणुकीपूर्वी केले होते. तो झगडा झालाच नाही.

ही माघार पराभवामुळेच घ्यावी लागली असे मानण्याचा मोह होतो. परंतु पुरावा तसे म्हणू देत नाही. सत्तावीस राष्ट्रांनी हा क्रम निवडणुकीपूर्वीच एकमुखाने ठरविलेला होता, आणि घड्याळ त्यांच्या बाजूने चालत होते. येथेच आपल्या पहिल्या निष्कर्षाची बीजे आहेत. संघाची भूमिका ही संघाच्या हितसंबंधांतून व त्यातील राष्ट्रांच्या एकजुटीतून घडली होती. लंडनमध्ये कोणाचे बहुमत किती, हा तिचा घटकच नव्हता. किंबहुना बळकट बहुमत असलेल्या ब्रिटिश पंतप्रधानाविषयी ब्रुसेल्सला भीती वाटण्यापेक्षा समाधानच अधिक वाटले असते. कारण ठरविलेला करार घरी संमत करून घेण्याची ताकद तिच्यात असती.

४

निवडणुकीने खरा पालट घडविला तो दुसऱ्या पटावर, आणि त्यातही आयर्लंडच्या प्रश्नात. सुमारे ५०० किलोमीटरांची आयर्लंडमधील सीमा संघत्यागानंतर युरोपीय संघाची बाह्य सीमा होणार होती. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट कराराने ह्या बेटावर जी शांतता नांदू लागली, तिच्या दृष्टीने सीमेवर पुन्हा नाकी उभी राहणे कोणालाच नको होते. पण ब्रिटनने सीमाशुल्क संघ सोडावयाचा, आयर्लंड बेटावर नाकी उभारावयाची नाहीत, आणि उत्तर आयर्लंड व ग्रेट ब्रिटन ह्यांच्यामधील समुद्रातही तपासणी नको, ह्या तिन्ही गोष्टी एकदम साधणे शक्य नव्हते. तिहींपैकी एकीचा त्याग अपरिहार्य होता. समुद्रातील तपासणीस अजिबात मान्यता न देणारा पक्षच आता शासनाचा आधार बनला होता.

निवडणुकीनंतर सहाच दिवसांनी, १४ जून २०१७ रोजी, आयर्लंडच्या पंतप्रधानपदी लिओ वराडकर आले. त्यांचे पितृकुल सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड गावचे, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. सीमेविषयी लेखी हमी मिळाल्यावाचून पुढचा टप्पा नाही, ही भूमिका त्यांच्या शासनाने लावून धरली व उरलेल्या सव्वीस राष्ट्रांनी तिला पाठबळ दिले.

४ डिसेंबर २०१७ हा दिवस ह्या दृष्टीने फार बोलका आहे. श्रीमती मे ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर ह्यांच्यासह भोजनास बसल्या होत्या. संयुक्त निवेदनाचा मसुदा सिद्ध होता. उत्तर आयर्लंडचे नियम दक्षिणेशी अनुरूप राहतील, अशा अर्थाचे कलम त्यात असल्याची वार्ता बाहेर पडली. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या नेत्या अर्लीन फॉस्टर ह्यांनी दूरध्वनीवरून आपला विरोध कळविला आणि त्या दिवशीचा समझोता बारगळला. चार दिवसांनी, ८ डिसेंबरला, नवा मसुदा प्रसिद्ध झाला. त्याच्या ४९ व्या परिच्छेदात सीमा खुली ठेवण्यासाठी नियमांच्या अनुरूपतेची हमी होती. तर ५० व्या परिच्छेदात उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन ह्यांच्यामध्ये नवे अडथळे उभे राहणार नाहीत, असे वचन होते. दोन्ही परिच्छेद पाळावयाचे तर संपूर्ण ब्रिटनलाच संघाच्या नियमांशी जखडून घ्यावे लागणार, हे उघड होते.

आणि नेमके तसेच घडले. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी आयोगाने केवळ उत्तर आयर्लंडपुरत्या तरतुदीचा मसुदा पुढे केला, तेव्हा कोणताही ब्रिटिश पंतप्रधान हे मान्य करणार नाही, असे श्रीमती मे ह्यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले. पुढे बऱ्याच घासाघिशीनंतर नोव्हेंबर २०१८ च्या करारात संपूर्ण ब्रिटनला व्यापणाऱ्या सामायिक सीमाशुल्कक्षेत्राची तरतूद आली. हीच ती ‘बॅकस्टॉप’ नावाने गाजलेली तरतूद होय. संघाला ती प्रथम मुळीच नको होती. एकल बाजारपेठेची सर्व बंधने न पत्करता ब्रिटनला तिचा काही लाभ मिळेल, अशी त्याला भीती वाटत होती. म्हणजे शेलिंग ह्यांनी वर्णिलेला परिणाम येथे काही अंशी दिसून आला. पंतप्रधानांच्या दुर्बलतेमुळेच संघाने एक सवलत दिली. परंतु दैवदुर्विलास असा की, ती सवलत घरी कोणालाच नको होती. हुजूर पक्षातील कट्टर संघत्यागवाद्यांना तीत कायमची बेडी दिसली. आणि उत्तर आयर्लंडपुरते काही वेगळे नियम त्यात राहिलेच असल्याने युनियनिस्टांचेही समाधान झाले नाही.

५

इकडे पार्लमेंटने आपला अधिकार वाढवून घेतला होता. १३ डिसेंबर २०१७ रोजी ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी शासनाचा पराभव होऊन, कोणताही करार पार्लमेंटच्या स्वतंत्र संमतीशिवाय अंमलात येऊ नये, ही दुरुस्ती संमत झाली. चार मतांचा हा फरक २०१७ च्या निवडणुकीचे प्रत्यक्ष अपत्य म्हणावयास हरकत नाही.

करारावर कॉमन्स सभागृहात तीनदा मतदान झाले. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२, १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२, आणि २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६ मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्या हुजूर सभासदांची संख्या अनुक्रमे ११८, ७५ व ३४ होती. श्रीमती मे ह्यांना २०१७ मध्ये अपेक्षित बहुमत मिळाले असते तर काय झाले असते, ह्या प्रश्नाला ह्या आकड्यांच्या आधारे काही एक उत्तर देता येते. बहुमत शंभराचे धरले, तरी ११८ बंडखोरांपुढे ते टिकले नसते. कारण प्रत्येक बंडखोर मत बहुमतातून दोनने वजा होते. ३४ बंडखोरांना मात्र ८० चे बहुमत पुरून उरले असते. म्हणजे मोठ्या बहुमतानेही करार पहिल्या खेपेस तरला नसता. अखेरच्या खेपेस कदाचित तरला असता. अर्थात ह्या गणिताला मर्यादा आहेत. बहुमत मोठे असते तर करारच वेगळा झाला असता आणि बंडखोरांची मनेही वेगळ्या रीतीने चालली असती.

ह्याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. तिसऱ्या मतदानात पराभवाचा फरक ५८ चा होता. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाची दहाही मते फिरली असती तरी तो ३८ उरला असता. तेव्हा ह्या पक्षाचे सामर्थ्य निव्वळ संख्येत नव्हते. उत्तर आयर्लंडच्या एकनिष्ठांनाच जो करार नको, तो आम्ही कसा स्वीकारावा, असे म्हणण्याची सोय त्याने हुजूर पक्षातील कित्येकांना करून दिली होती. २०१७ च्या निवडणुकीने एका लहान पक्षाला नकाराधिकार दिला, आणि तो नकाराधिकार उसना घेणारे त्या पक्षाबाहेर पुष्कळ निघाले.

६

२४ जुलै २०१९ रोजी पंतप्रधान झालेल्या श्री. बोरिस जॉन्सन ह्यांनी सप्टेंबरच्या आरंभी आपल्याच पक्षाच्या २१ सभासदांना संसदीय पक्षातून काढले. आता डेमोक्रॅटिक युनियनिस्टांना धरूनही शासनास बहुमत उरले नाही. वरवर पाहता ही दुर्बलतेची परिसीमा होती. तथापि ह्याच अवस्थेत, १७ ऑक्टोबर २०१९ रोजी, युरोपीय संघाशी नवा करार झाला. त्याच्या आठवडाभर आधी श्री. जॉन्सन व श्री. वराडकर ह्यांची विरल येथील भेट निर्णायक ठरली होती. हे कसे घडले ? उत्तर असे की, ज्या दहा मतांनी बहुमत होतच नाही त्यांची किंमतही राहत नाही. श्री. जॉन्सन ह्यांनी सीमा समुद्रात नेण्यास मान्यता दिली. उत्तर आयर्लंड नावाने ब्रिटनच्या सीमाशुल्कक्षेत्रात राहील, पण मालाबाबत संघाचे नियम पाळील, आणि तेथील विधानसभेला ठराविक काळाने संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार राहील, अशी ती व्यवस्था होती. ह्या संमतीच्या तरतुदीपुरती संघानेही तडजोड केली. बाकी व्यवस्थेचा गाभा फेब्रुवारी २०१८ च्या आयोगाच्या मसुद्याजवळच जाणारा होता. समोरचा पक्ष थोडा हलला. ब्रिटन पुष्कळ हलले.

ह्यानंतर निवडणूक आली. २०११ च्या कायद्यान्वये दोन-तृतीयांश मते मिळविण्याचे तीन प्रयत्न फसल्यावर साध्या बहुमताने संमत होणारे स्वतंत्र विधेयक आणण्यात आले आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी मतदान झाले. हुजूर पक्षास ३६५ जागा मिळाल्या. जानेवारीत करारविषयक कायदा संमत होऊन ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले.

दोन्ही निवडणुकांतील मर्मभेद आता स्पष्ट होईल. २०१७ मध्ये मतदारांना कोरा अधिकार मागण्यात आला होता; कराराचा एक शब्दही तेव्हा लिहिला गेला नव्हता. २०१९ मध्ये करार सिद्ध होता. मतदारांपुढे प्रश्न होता तो स्वीकाराचा. एक निवडणूक वाटाघाटीपूर्वीची, दुसरी वाटाघाटीनंतरची. पहिलीतून वाटाघाटीचे बळ मिळावे अशी अपेक्षा होती व ती फोल ठरली. दुसरीने नव्या वाटाघाटी न करता जुन्याच फळाला मान्यता मिळवून दिली. निवडणूक तहाला संमती देऊ शकते. तह घडविणे तिच्या आवाक्यातले नाही, असा निष्कर्ष ह्यातून निघतो.

ह्यावर असा आक्षेप येईल की, २०२० मधील व्यापारविषयक वाटाघाटींत ८० च्या बहुमताचा उपयोग झालाच ना ? झाला, हे मान्य केले पाहिजे. संक्रमणकाल वाढवून न घेण्याचा निर्णय शासन निर्धास्तपणे घेऊ शकले. पूर्वीच्या पार्लमेंटने तो घेऊ दिला नसता. परंतु २४ डिसेंबर २०२० रोजी झालेल्या व्यापार व सहकार्यविषयक करारात ब्रिटन एकल बाजारपेठेबाहेर राहिले आणि त्या बाजारपेठेच्या अविभाज्यतेविषयीची संघाची भूमिका अबाधितच राहिली. बहुमताने पंतप्रधानांना आपल्या सभागृहापासून मोकळे केले. संघाच्या हितसंबंधांत त्याने पालट केला नाही.

७

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो केवळ पार्लमेंटमधील आकड्यांचा नाही. २०१९ च्या निवडणुकीने डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाची संमती अनावश्यक केली. पण वेस्टमिन्स्टरमध्ये अनावश्यक ठरलेली संमती बेलफास्टमध्ये अत्यावश्यकच होती. कारण १९९८ च्या कराराने उभारलेले शासन दोन्ही समाजांच्या सहभागावाचून चालू शकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्या पक्षाच्या मुख्य मंत्र्यांनी समुद्रातील सीमेच्या निषेधार्थ राजीनामा दिला आणि तेथील शासन फेब्रुवारी २०२४ पर्यंत ठप्प राहिले. मधल्या काळात २७ फेब्रुवारी २०२३ रोजी विंडसर येथे त्या तरतुदींची पुनर्रचना करणारा नवा समझोता करावा लागला. निवडणुकीने पार्लमेंटच्या दारातून घालवून दिलेला प्रश्न असा तीन वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आला.

मुदतपूर्व निवडणूक वाटाघाटींवर परिणाम करते, यात संशय नाही. तो परिणाम मुख्यतः कोणाच्या संमतीवाचून चालेल आणि कोणाच्या संमतीवाचून अडेल, ह्या यादीवर होतो. २०१७ मध्ये ही यादी लांबली; २०१९ मध्ये ती आखूड झाली. समोरच्या पक्षाचे हित, भूगोल व मुदत ह्या तीन गोष्टी दोन्ही वेळा जागच्या जागी राहिल्या. २०११ चा कायदा २०२२ मध्ये रद्द होऊन विसर्जनाची मागणी करण्याचा अधिकार पुनश्च पंतप्रधानांच्या हाती गेला आहे. तेव्हा असे प्रसंग पुढेही येतील. त्या वेळी ‘हात बळकट करा’ ही हाक ऐकणाऱ्या अभ्यासकाने प्रथम एवढेच विचारावे : करार लिहिला गेला आहे काय ? आणि तो पाळण्यासाठी ज्यांची संमती लागेल, ते सर्व ह्या मतदानात मोजले जाणार आहेत काय ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर श्रीमती मे ह्यांच्याजवळ नव्हते, दुसऱ्याचे श्री. जॉन्सन ह्यांच्याजवळही नव्हते.